लंडनची एचएमएस बेलफास्ट: युद्धनौका बघावी कशी, आणि राखावी कशी?

कोकणकडा

टॉवर ब्रिजवर काढलेल्या बहुतेकांच्या फोटोंत ती मागे येतेच. करड्या-निळ्या ठिगळांच्या रंगाची, चार तोफघरांची एचएमएस बेलफास्ट. आत मात्र त्यामानाने कमी लोक जातात. इम्पीरियल वॉर म्युझियमची लंडनमधली मोठी इमारत फुकट बघता येते आणि त्याच संस्थेच्या या जहाजाला तिकीट आहे, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे "जहाजात बघायचं काय, तोफा तर बाहेरूनच दिसतात" हा समज. त्या समजावर उतारा म्हणून हा धागा.

आधी जुजबी इतिहास. बेलफास्ट शहरातल्या हारलँड अँड वुल्फ गोदीत ती बांधली गेली (हो, टायटॅनिकवाली गोदी तीच). १७ मार्च १९३८ ला पंतप्रधान चेंबरलेन यांच्या पत्नीच्या हस्ते पाण्यात उतरली, ऑगस्ट १९३९ मध्ये नौदलात दाखल झाली आणि नोव्हेंबरातच स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थमध्ये चुंबकीय सुरुंगामुळे तिचा कणा मोडला. दुसरं एखादं जहाज असतं तर तिथेच भंगारात गेलं असतं. हिला जवळजवळ तीन वर्षं दुरुस्तीत ठेवून मधला भाग फुगवला, रुंदी वाढवली, नवं रडार बसवलं. २६ डिसेंबर १९४३ ला उत्तर नॉर्वेच्याही पलीकडे, ध्रुवाजवळच्या काळोखात जर्मनीची शार्नहॉर्स्ट ही युद्धनौका पहिल्यांदा दिसली ती याच रडारवर. त्या रात्री शार्नहॉर्स्ट बुडाली. तिच्यावरच्या सुमारे दोन हजार माणसांपैकी ३६ वाचली. पुढे ६ जून १९४४ ला नॉर्मंडी, मग कोरियाचं युद्ध. २१ ऑक्टोबर १९७१ पासून ती लोकांसाठी खुली आहे.

आता बघायचं कसं ते. गँगवेवरून (जहाजावर चढायच्या वाटेवरून) तुम्ही मागच्या डेकवर पोचता. तिथून जवळपास सगळे वरच्या पुलाकडे (म्हणजे जहाजाचा ब्रिज, जिथून कप्तान जहाज चालवतो) आणि तोफांकडे धाव घेतात. तुम्ही उलट करा, आधी खाली जा. एकूण नऊ मजले आहेत, पाय ताजे असतानाच तळ गाठलेला बरा. तोफा काय, संध्याकाळीही तिथेच असणार.

तळाशी बॉयलरची आणि इंजिनाची दालनं आहेत, पाण्याच्या पातळीच्या बरीच खाली. नळ, झडपा, तबकड्या आणि जाळीचे अरुंद मार्ग एकमेकांत इतके गुंतलेत की आपण नेमके कोणत्या मजल्यावर आहोत तेच कळेनासं होतं. चार बॉयलर, चार टर्बाइन, ८०,००० अश्वशक्ती, वेग ३२ नॉट. यातली मांडणी मला सगळ्यात आवडली. आधी बॉयलरचं दालन, मग इंजिनाचं, मग पुन्हा बॉयलरचं, पुन्हा इंजिनाचं. एका ठिकाणी टॉर्पेडो लागून पाणी भरलं तरी उरलेल्या जोडीवर जहाज चालत राहावं म्हणून. हे नकाशात वाचून डोक्यात शिरत नाही, एका दालनातून दुसऱ्यात जाताना लख्ख कळतं.

तिथून पुढे गोळ्यांचं कोठार. या सहा इंची तोफा, म्हणजे नळीचा व्यास सहा इंच. एक गोळा ११२ पौंड, आपल्या हिशेबात ५१ किलोच्या आसपास. तोफा १२, प्रत्येकीतून मिनिटाला आठ गोळे सुटू शकत. गुणाकार करा: मिनिटाला जवळजवळ पाच टन पोलाद, आणि ते खालून वर चढवणाऱ्या लिफ्टवर ठेवणारी माणसं. ही माणसं लढाईत बंद दाराआड असत. काही पेटलंच तर दारूचं कोठार स्फोटापासून वाचवायला तिथे समुद्राचं पाणी सोडण्याची सोय होती. ते पाणी सोडण्याचा निर्णय आतली माणसं घेत नसत. तिथे उभं राहिल्यावर वरच्या चकचकीत तोफांबद्दलचं कौतुक बरंच उतरतं.

मधल्या मजल्यांवर राहण्याच्या जागा. युद्धात हजारच्या जवळपास माणसं इथे राहिली. ज्या टेबलांवर जेवायचं त्यांच्याच डोक्यावर झोळ्या बांधून झोपायचं. पावाची भट्टी, दवाखाना, दाताच्या डॉक्टरची खोली, धोबीखाना, छोटं प्रार्थनाघर आणि कैदेच्या कोठड्या, सगळं आहे. रशियाकडे रसद नेणाऱ्या ताफ्यांबरोबर जाताना डेकवर इतका बर्फ साचायचा की तो फोडून टाकावा लागे, नाहीतर वरचं वजन वाढून जहाज कलंडायची भीती. याच काळात सोव्हिएत नौदलाने ॲडमिरल बर्नेट यांना ओल्गा नावाची एक रेनडिअर भेट दिली होती. ती विमानांच्या रिकाम्या हँगरमध्ये ठेवलेली. शार्नहॉर्स्टच्या लढाईत तोफांच्या आवाजाने ती इतकी बिथरली की शेवटी तिला गोळी घालावी लागली. लढाईच्या नकाशांपेक्षा मला हे जास्त लक्षात राहिलं.

सगळ्यात शेवटी पूल आणि पुढच्या तोफा. त्या सुमारे २० किलोमीटरवर, एम-वन महामार्गावरच्या लंडन गेटवे या विश्रांतीथांब्यावर रोखून ठेवल्यात. पल्ला किती ते लोकांना कळावं म्हणून. ब्रिटिश विनोदबुद्धी!

आणि आता खरा प्रश्न. आपली पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका शेवटी पूर्ण झाली ती याच हारलँड अँड वुल्फ गोदीत. एकाच गोदीतून बाहेर पडलेल्या दोन नौका. दोन्ही नौका निवृत्त होऊन संग्रहालय झाल्या, एक अजून तरंगतेय आणि दुसरी मुंबईत दारूखान्याला, जिथे जहाजं तोडतात तिथे, कापली गेली. असं का व्हावं?

गलबत

सुरेख लिहिलंय. विक्रांतचा तपशील माझ्याकडून जोडतो.

मूळ नाव एचएमएस हर्क्युलिस. १९४३ मध्ये इंग्लंडात टाइन नदीकाठी बांधायला घेतली, सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरली. तोवर युद्ध संपलेलं, त्यामुळे काम थांबलं आणि अर्धवट सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टला नेऊन पूर्ण करून घेतली. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती आपल्या नौदलात आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला पोचली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव बंदरांवर हल्ले केले. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिलाच शोधत बंगालच्या उपसागरात आली आणि विशाखापट्टणमसमोर बुडाली. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्ती. २००१ पासून संग्रहालय, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून बंद, २०१४ मध्ये ६० कोटींना भंगारात. उच्च न्यायालयात याचिका झाली, सर्वोच्च न्यायालयाने मधे स्थगितीही दिली होती, पण ऑगस्टमध्ये ती उठली आणि नोव्हेंबरात कापाकापी सुरू झाली.

एक मात्र लक्षात घ्या. "तिकडचं सरकार जागरूक, आपलं झोपलेलं" अशी सरळ गोष्ट नाहीये ही. १९७१ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारनेही बेलफास्ट जपायला नकारच दिला होता. तिच्या एका माजी कप्तानाने, रिअर ॲडमिरल मॉर्गन-जाइल्स यांनी, पुढाकार घेतला. ते तोवर खासदार झाले होते. खासगी विश्वस्त मंडळ उभं राहिलं आणि त्या मंडळाला जहाज मिळालं. पण तेही काही वर्षांतच पैशाच्या अडचणीत आलं आणि १९७८ मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमने जहाज आपल्यात घेतलं. म्हणजे आधी लोक आणि मागाहून संस्था.

तात्या_वाचनमात्र

एरवी मी लिहीत नाही, पण विक्रांतचं नाव निघालं म्हणून.

ती संग्रहालय असताना नातवाला घेऊन गेलो होतो. नौदल सप्ताहाच्या सुमारास लोकांना सोडत, तेव्हा. ही रांग! खाली हँगरमध्ये जुनी विमानं आणि हेलिकॉप्टरं मांडलेली. पण खरी मजा वर फ्लाइट डेकवर होती. पेपरात वाचताना विमानवाहू नौका म्हणजे केवढी तरी वाटते, आणि प्रत्यक्ष उभं राहिलं की पहिला विचार येतो, "एवढ्याशा पट्टीवर विमान उतरवायचे?" तेही हलणाऱ्या. नातू तर पुढच्या उतरणीला, त्या वर उचललेल्या टोकाला घसरगुंडी म्हणत होता. तिथे ड्यूटीवर असलेल्या एका नौसैनिकाने त्याला नीट समजावून सांगितलं की सी हॅरियर विमानं आल्यावर ते टोक मागाहून बसवलं, आधी डेक सपाट होता आणि विमानं वाफेच्या गोफणीने फेकत. मुलगा आज इंजिनियर आहे. त्याचं श्रेय विक्रांतला देत नाही मी, पण त्या दिवसानंतर त्याचे प्रश्न बदलले हे खरं.

तोडली तेव्हा वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

रोखठोक

तात्या, भावना पोचल्या. तरी विरोधी बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून मांडतो.

प्रत्येक जुनी गोष्ट जपायची नसते. विक्रांतचं स्मारक मुंबईत आहे, तिच्या पोलादापासून मोटारसायकलसुद्धा निघाली, आणि तिचं नाव २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेल्या नव्या, भारतात बांधलेल्या नौकेला मिळालंय. नौदलाच्या परंपरेत यापेक्षा मोठा सन्मान नाही. २१३ मीटर लांबीचं लोखंड बंदरात कायमचं उभं करायचं तर जागा कुणाची? मुंबई बंदरात धक्क्यावरची जागा काय भावाने मिळते हे बंदरात काम केलेल्याला विचारा. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही तेच झालं. २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचा ८५२ कोटींचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला, आणि २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर कापायला गेली. ८५२ कोटी! तेवढ्यात किती जलदुर्गांची डागडुजी होईल याचा हिशेब कुणी करा. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट ढासळतोय आणि आपण ब्रिटिशांनी वापरून विकलेल्या बोटीसाठी रडतोय.

कोकणकडा

@रोखठोक, किल्ला की जहाज अशी निवड कुणी समोर ठेवली होती का? जहाजाचे न खर्च झालेले पैसे किल्ल्याला मिळाले असं काही ऐकिवात नाही.

रोखठोक

हा मुद्दा बरोबर. तरी माझं म्हणणं कायम आहे.

बॉयलरमामा

मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे या धाग्यावर तोंड उघडणं भाग आहे. कोकणकडाताई, आधी खाली जायचा सल्ला शंभर टक्के बरोबर. पुलावर उभे राहून फोटो काढणारे पुष्कळ, पण जहाज चालतं ते खालच्यांच्या घामावर.

आता "राखावी कशी" याबद्दल. लोकांना वाटतं निवृत्त जहाज म्हणजे आराम, इंजिन बंद, झीज बंद. उलट असतं. चालू जहाज दर दोन-तीन वर्षांनी ड्रायडॉकला (कोरड्या गोदीत) चढतं. तळ खरवडतात, पत्र्यांची जाडी मोजतात, पातळ झालेले कापून नवे लावतात, जस्ताचे ठोकळे बदलतात. (हे ठोकळे जहाजाच्या तळाला मुद्दाम लावलेले असतात. खारं पाणी पोलादाच्या आधी जस्त खातं, म्हणून पोलाद वाचतं. ठोकळा संपला की पाळी पोलादाची.) संग्रहालय झालेलं जहाज स्वतः हलू शकत नाही. ते टगने ओढत न्यायचं, विमा काढायचा, गोदीची वेळ मिळवायची, तोवर तिकीटविक्री बंद. म्हणून ते पुढे ढकललं जातं. बेलफास्टसुद्धा १९७१ नंतर थेट १९९९ मध्ये पोर्ट्समथच्या ड्रायडॉकला गेली. चालू जहाजाच्या कोणत्याही चीफ इंजिनियरला हा आकडा सांगा, तो खुर्चीत सरळ बसेल.

आणि गंज बाहेरून लागतो त्यापेक्षा आतून जास्त लागतो. डेकच्या फटींतून पावसाचं पाणी झिरपतं आणि ज्या कप्प्यांत वर्षानुवर्षं माणूस शिरत नाही तिथे साचतं. चालू जहाजावर रोज कोणीतरी बॅटरी घेऊन बिल्ज (तळाचा पाणी साचणारा भाग) बघून येतो. संग्रहालयात शंभर माणसांचं काम चार माणसांवर येतं. पाण्याच्या रेषेचा पट्टा सगळ्यात वाईट, कधी ओला, कधी कोरडा, हवा आणि मीठ दोन्ही मिळतं. किनाऱ्यावरून दिलेली विजेचं अर्थिंग नीट केलेलं नसेल तर गळती प्रवाह तळ पोखरतो. वर रंगरंगोटी झकास दिसते आणि खाली पत्रा पापडासारखा झालेला असतो.

कल्पनेतलं सांगत नाही. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत बफेलोला 'द सलिव्हन्स' ही दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली, तळ फुटून पाणी भरलं. टेक्सास ही १९१४ सालची युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय होती. इतकी गळत होती की पंप अखंड चालू. शेवटी त्या राज्याने ३.५ कोटी डॉलर मंजूर केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिला ओढून गॅलव्हेस्टनच्या ड्रायडॉकला नेलं. वाटेत बुडेल की काय अशी लोकांना धास्ती होती.

विक्रांतबद्दल एक गोष्ट. १९७१ मध्ये तिच्या बॉयलरला तडे गेलेले होते. वेग मर्यादित ठेवूनच ती लढली. विमानवाहू नौकेला वेग फक्त पळायला लागत नाही. डेकवरून विमान उडायला समोरून वारा लागतो आणि तो वारा जहाजाच्या वेगाने तयार होतो. वेग कमी म्हणजे विमानाला उचलायला हवा कमी. म्हणजे पायलटइतकंच श्रेय त्या बॉयलरपाशी उभ्या असलेल्या स्टोकरांचं. ती बॉयलररूम लोकांना दाखवता आली असती तर काय बहार झाली असती. ते राहिलं, याचं मला डेक गेल्यापेक्षा जास्त दुःख आहे.

गलबत

मामा, दंडवत. स्वतंत्र लेख लिहा यावर.

सईची_आई

मस्त चाललीय चर्चा. मी मधेच किराणा आणते, माफ करा. मे महिन्यात लंडनला जातोय. मुलगी सात वर्षांची, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. बेलफास्टवर न्यावं का? शिड्या फार उभ्या आहेत का?

कोकणकडा

@सईची_आई, मुलीला नक्की न्या. सात वर्षांचं मूल या जहाजावर आपल्यापेक्षा चपळ असतं. शिड्या मात्र खऱ्याखुऱ्या जहाजाच्या आहेत, उभ्या आणि अरुंद. उतरताना शिडीकडे तोंड करून उतरायचं, पाठ करून नाही, आणि दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून पाठीवरची छोटी पिशवी ठीक, खांद्यावरची पर्स नको. साडी किंवा घोळदार कपडे नकोत, चपलाही नकोत. दारांचे उंबरे उंच आहेत आणि वरच्या चौकटी बुटक्या, त्यामुळे उंच माणसांनी कपाळ सांभाळायचं.

सासूबाईंना सगळे मजले जमणार नाहीत. वरच्या मोकळ्या डेकवर फिरता येईल, नदी दिसते, टॉवर ब्रिज समोरच. पण बॉयलररूम आणि पूल यांचा आग्रह धरू नका. आळीपाळीने एकीने त्यांच्यासोबत थांबा. आणि भरती-ओहोटीने जहाज बरंच वर-खाली होतं, तेव्हा गँगवेचा उतार दिवसभरात बदलतो हेही लक्षात असू द्या.

मीनल_वाचते

मला एक कळत नाही. पाण्यात ठेवल्यानेच एवढा त्रास, तर जमिनीवर का आणत नाहीत? विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी समुद्रकिनाऱ्यावर काँक्रीटच्या पायावर ठेवलीय आणि आत अगदी छान फिरता येतं. २००२ पासून आहे. गाइड बहुतेक निवृत्त नौसैनिक. आमच्या गाइडनी टॉर्पेडोच्या नळीजवळच्या बिछान्यावर हात ठेवून सांगितलं की इथे झोपायला मिळणं म्हणजे चैन, कारण मान वळवायला जागा होती.

गलबत

जमिनीवर आणलेल्या नौकांचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण जपानची मिकासा. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल टोगो यांची ध्वजनौका. १९२२ च्या वॉशिंग्टन करारानुसार तिचं भंगार व्हायचं होतं, पण पुन्हा कधी समुद्रात जाणार नाही अशा रीतीने ती पक्की बसवायच्या अटीवर जपानला ठेवू दिली. म्हणून योकोसुकाला तिच्या भोवती काँक्रीट ओतलंय. ट्रफाल्गारच्या लढाईतली ब्रिटिश नौका व्हिक्टरी १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे. उलट ग्रीसची अवेरोफ अथेन्सजवळ फालिरोला अजून पाण्यात आहे, आणि फिलाडेल्फियाची ऑलिंपियासुद्धा. ती तर १८९५ सालची!

हलवण्यावरून आठवलं. न्यूयॉर्कची इंट्रेपिड ही विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये दुरुस्तीसाठी ओढून न्यायची ठरली. समारंभ झाला, पाहुणे जमले, टग लागले, आणि जहाज हलेना. इतक्या वर्षांत पंखे हडसन नदीच्या गाळात रुतून बसलेले. पाहुणे घरी गेले, गाळ उपसला आणि डिसेंबरात ती निघाली.

बॉयलरमामा

@मीनल_वाचते, प्रश्न चांगला. कुरसुरा ९१ मीटरची, आणि पाणबुडीचं कवच मुळातच दाब सोसायला बनवलेलं. विक्रांत २१३ मीटर आणि पूर्ण भरल्यावर १९,५०० टनांच्या आसपास. पाणी जहाजाला सगळीकडून सारखं उचलून धरतं. जमिनीवर तेच वजन ठरावीक टेकूंवर येतं आणि टेकूंच्या मधला भाग हळूहळू खाली बसू लागतो. व्हिक्टरीचे टेकू अलीकडे सगळे नव्याने बसवावे लागले ते त्यामुळेच. शिवाय पाया घालायचा, तिथवर खोल चर खणायचा, भरतीला आत घ्यायचं आणि बांध घालून पाणी काढायचं. अशक्य नाही, पण स्वस्त तर अजिबात नाही. मिकासासारखं काँक्रीटमध्ये गाडलं की तळाला पुन्हा हात लावता येत नाही हेही आहेच.

माझं विचाराल तर मोठी जहाजं पाण्यातच ठेवावीत, फक्त पहिल्या दिवसापासून ड्रायडॉकचा पैसा बाजूला काढून. दुकान, उपाहारगृह, शाळांच्या सहली, रात्रीचा मुक्काम, जे काही करून मिळेल त्यातला ठरलेला हिस्सा तळासाठी. तो कुलूपबंद. बेलफास्टवर शाळेच्या मुलांना मुक्कामाला ठेवतात असं ऐकलंय, ती युक्ती उत्तम. एकट्या तिकीटविक्रीवर जहाज तगत नाही. आणि जुन्या जहाजांत बॉयलरच्या नळांभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. लोकांना आत सोडायच्या आधी ते काढायचा खर्च वेगळाच. आमच्या पिढीने ते हाताने फोडलंय, मास्कशिवाय. असो.

रोखठोक

म्हणजे मामा, शेवटी माझंच म्हणणं. पैशाची कायमची सोय नसेल तर उगाच ठेवू नये. अर्धवट ठेवून, गंजू देऊन, मग धोकादायक म्हणून बंद करून भंगारात देणं ही सगळ्यात वाईट तऱ्हा. आणि विक्रांतचं नेमकं तेच झालं.

बॉयलरमामा

त्यात वाद नाही. फक्त तुमचा निष्कर्ष "म्हणून ठेवू नये", माझा "म्हणून सोय आधी करावी". १९९७ ला करायला हवी होती, २०१२ ला बोंब मारून उपयोग नव्हता.

तात्या_वाचनमात्र

आणि जागा? रोखठोक म्हणतात तसं मुंबई बंदरात धक्का कोण देणार?

कोकणकडा

तात्या, बेलफास्ट उभी आहे ती टॉवर ब्रिज आणि लंडन ब्रिजच्या मधे, भर शहरात, मोक्याच्या जागी. ती जागा नसती तर तिकिटंही इतकी खपली नसती. दूर कुठे खाडीत नेऊन ठेवलं की जहाज जगतं, पण माणसं येत नाहीत, मग पैसा येत नाही, मग जहाजही जगत नाही. आडबाजूला ठेवलेलं स्मारक हा फक्त लांबणीवर टाकलेला भंगारव्यवहार, असं माझं मत झालंय.

मला वाटतं आपल्याकडे मोठ्या नौकेचा हट्ट सोडून लहानांपासून सुरुवात करायला हवी. कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकाठी टी-८० ही निवृत्त छोटी युद्धनौका आणून ठेवलीय. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात जिथली, तिथेच. दीवला खुकरी ही निवृत्त युद्धनौका आहे. अशी छोटी नौका नगरपालिकेच्या आवाक्यातली असते, रंग वेळेवर लागू शकतो, आणि मुलांना दार उघडून आत शिरता येतं.

रोखठोक

दुर्गाडीला मान्य. तिथे नक्की जाईन. मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर जाईन, रंग कसा टिकलाय ते बघायला.

बॉयलरमामा

रंग बघू नका. आत गेलात तर सगळ्यात खालच्या कप्प्याचं झाकण उघडायला सांगा आणि वास घ्या. कोंदट, लोखंडी वास आला तर आत पाणी आहे. आणि तिथल्या माणसाला विचारा की हे झाकण याआधी कधी उघडलं होतं. तो लगेच तारीख सांगू शकला तर नौकेची काळजी घेतली जातेय.

सईची_आई

बेलफास्टवर असं झाकण उघडायला सांगितलं तर हाकलून देतील ना मला? 😄 तिकिटं काढतेय. सासूबाई म्हणतात की त्यांना दाताच्या डॉक्टरची खोली तरी बघायचीच आहे, ती कोणत्या मजल्यावर?

कोकणकडा

मधल्या राहण्याच्या मजल्यांवर, दवाखान्याच्या परिसरात. गँगवेपाशी कर्मचाऱ्यांना विचारा, सगळ्यात कमी शिड्यांची वाट कुठली ते तेच सांगतील. दुखरा गुडघा खाली उतरताना जास्त त्रास देतो, तेव्हा ही खोली आधी उरका आणि मग तुम्ही दोघी बॉयलररूमला जा.